नमुना क्रमांक एकेचाळीस

पोलोग्राउंडच्या मागे आमची प्रयोगशाळा,
म्हणजे इंदूरच्या धुळीत दोन खोल्या, एक काचेची पेटी,
आणि सेकंदाचेही शंभर तुकडे करणारं घड्याळ.
एकोणीस वर्षं मी इथे कापड जाळते.
पगार घेऊन.

पट्टी कापायची वीतभर, चिमट्यात धरायची तिरपी,
ज्योत टेकवायची एकच सेकंद
आणि बघत राहायचं,
वरच्या दोऱ्यापर्यंत पोचायला आग किती वेळ घेते.

सुतीला जळक्या कागदाचा वास.
लोकरीला केसांचा.
पॉलिएस्टर आधी अंग चोरतं
मग काळा मणी होऊन टपकतं.
नायलॉनची जाळी चिकटते, जिथे टेकेल तिथे.
सासूबाई दारातच म्हणायच्या,
"मंदे, आधी लुगडं बदल, मग देवापाशी जा."

दिवाळीनंतरच्या मंगळवारी मोठ्या दवाखान्यातून पाकीट आलं.
आत झालरीचा तुकडा, मोरपिशी, तळहाताएवढा.
रजिस्टरात लिहिलं: नमुना क्रमांक ४१.
मुलींचा फ्रॉक. वय सहा.
फ्रॉकला वय नसतं, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.
खोडलं नाही.

पाकिटामागून बाप आला.
देवीदास कोष्टी, परदेशीपुऱ्यात तीन मशिनी.
"बाई, हा मीच शिवलाय.
गठ्ठ्यात दोनशे चाळीस निघाले.
बाकीचे गेले खंडवा, धार, बडवानी,
एक ठेवला घरी."
नखानं शिवण उलगडून दाखवत राहिला:
"बघा, एक टाका उसवलेला नाही."
खरंच नव्हता.
"किती लागले?"
साडेतीन, मी म्हटलं.
"मिनिटं?"
मी घड्याळ त्याच्याकडे फिरवलं.

अंगावरच्या कपड्यानं किती सावकाश जळावं
हे ठरवायचा कागद दिल्लीला आहे.
मी तो पहिल्यांदा टाईप केला तेव्हा
शौनक पोटात होता. आता तो दाढी करतो.
मसुदा, मसुद्यावर हरकती,
हरकतींवर उपसमिती, उपसमितीला मुदतवाढ.
व्यापारी म्हणाले, मीटरमागे अकरा रुपये वाढतील,
तर त्या अकरा रुपयांची वेगळी समिती.
मधे विभागाचं नाव बदललं,
तेव्हा सगळं पुन्हा, नव्या शिरोलेखावर.

एकेचाळीसचा अहवाल मी रजिस्टरनं पाठवला.
सात महिन्यांनी उत्तर आलं, अगदी अदबशीर:
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणे उचित होणार नाही.
त्याच गठ्ठ्यातील किमान पाच नमुने सादर करावेत.
मी दोनदा वाचलं.
खंडवा, धार, बडवानी.

रविवारी धारची बस धरली.
आठवडी बाजारात, दोरीवर, ठेल्यावर,
एका चहावालीच्या नातीच्या पेटीत घडी मोडायच्या आधी
असे चार मिळाले.
प्रत्येकाची पावती मागितली, सवय.
एकानं विचारलं, घरात चार पोरी आहेत का?
मी हो म्हटलं.

पाचवा उसाच्या रसाच्या गाडीमागे होता,
चालता-बोलता, नाकाला शेंबूड.
तिच्या आईला पाचशे दाखवले,
म्हटलं नवा घे, सुती घे, हा मला दे.
आई माझ्याकडे बघत राहिली,
पोरं पळवणाऱ्या बाईकडे बघावं तशी.
पोरीनं झालर मुठीत धरली.
"ह्याची छत्री होते," म्हणाली,
आणि करून दाखवली, गरागरा,
गाडीखाली स्टोव्ह होता,
फुरफुरत होता, हातभर अंतरावर.
मी मोजायला लागले. हातात घड्याळ नव्हतं.

सोमवारी जावक क्रमांक टाकून लिहिलं:
मागणीप्रमाणे नमुने चार सोबत जोडले आहेत.
पाचवा अद्याप वापरात आहे.