टोकन नंबर एकतीस

हर्णै बंदरात सोसायटीचा बर्फ कारखाना,
तिथे काट्याला जोडलेला जुना प्रोग्राम, सी-मधला.
कुणा वैशंपायनांनी चौऱ्याण्णव साली लिहिला
आणि ते बदलीवर निघून गेले.
त्याला वस्तू कळत नाहीत, आकडा कळतो.
हे घे, ते कर, उत्तर दे, पुढचा.

मी आणलेलं नवं खातं क्लासांचं:
प्रत्येक होडी आपली उधारी पोटात घेऊन बसलेली,
तिला म्हणायचं, बाई गं, तुझं वजन तूच सांग.
जुन्याला हे बोलणंच येत नाही.
तो विचारतो, कुठली होडी?

दोन दिवस मी नुसती खिडकीशी बसले.
हसनमिया परकार पेटी आत घेतात,
पितळेचं टोकन बाहेर देतात.
टोकनाला मासळीचा वास नाही.
धक्क्यावरचा माणूस ते मुठीत धरून चहाला जातो.
आत बर्फाचे थर किती, पेटी कुठल्या फळीवर,
त्याचं त्याला काय?
परत येतो तेव्हा टोकन आधी, काम नंतर:
"एकतीस. बर्फ वाढवा."

तेच लिहिलं. अरुंदशी खिडकी, पाच फंक्शनं,
प्रत्येकाच्या हातात पहिलं टोकन.
नावांचा मात्र घोळ झाला.
आत सगळी रेशनकार्डावरची नावं,
पांडुरंग लक्ष्मण दोरकुलकर, राहणार, वय, सगळं चिकटलेलं;
बाहेरून हाक येते नुसती "पांड्या!"
आणि लिंकर म्हणतो, असा कुणी इथे राहत नाही.
चौकटीवर पाटी ठोकली:
इथे हाकेचंच नाव चालेल.

आत भांडण झालं तर आतच मिटवायचं,
खिडकीबाहेर फक्त उणे एक.

तिसऱ्या दिवशी, लिलावाच्या गर्दीत,
पांड्याच्या मांदेलीला काट्याने दाखवली
चाळीस किलो सुरमई.
बंदर हसलं.
पांड्या हसला नाही, पैसे मागू लागला.

टोकन खरं होतं.
पेटी मीच आदल्या रात्री मोडली होती,
फळी दुसऱ्याला देऊन टाकली होती,
आणि जुन्याच्या मुठीत एकतीस अजून गरम.

हसनमिया म्हणाले,
"पेटी देताना टोकन काढून घ्यायचं, बाय.
ही भिंतीवरची खुंटी कशाला हाय?"

आता मोडणाऱ्या फंक्शनला मी
टोकन नाही, टोकन धरलेली मूठच मागते,
आणि निघताना तिच्यात शून्य ठेवते.

काटा बरोबर चालतो.
पांड्या अजून सुरमईचे पैसे मागतो.