सुटलेल्यांची मोजदाद

आईचं जाळं खाली, नुशगाकच्या मुखाशी,
माझं मचाण वर, नदीकाठी,
बोटीनं अर्ध्या दिवसावर.
दर तासाला दहा मिनिटं मी पाण्यात बघते,
अंगठ्याखाली मोजणीचं टिकटिकणारं यंत्र.
आई धरलेले मोजते, पौंडांत.
मी मोजते तिच्या हातून निसटलेले.

जुलैच्या चौथ्या रात्री
(रात्र म्हणायची, अंधार होता कुठे)
नदी पाठींनी काळी झाली.
दहा मिनिटांत सातशे बारा सॅल्मन.
अंगठा बधिर.
त्याच रात्री, मला मागाहून कळलं,
आईची होडी काठोकाठ भरून गाळात रुतली होती,
इव्होनमामा कमरेएवढ्या चिखलात,
ओहोटी पाठ फिरवून निघून गेलेली,
आणि मासे घेणारं जहाज लांब उभं,
भोंगा वाजवून वाजवून कंटाळलेलं.
भरती येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं.
नऊशे पौंड दुय्यम भावात.

भाव तरी काय.
कंपनीनं तो सांगितला ऑगस्टात,
मासे डब्यांत बंद झाल्यावर.
आईनं कागद वाचला, घडी घातली,
चहाच्या डब्याखाली सरकवला.
पेट्रोल. दोर. इंजिनाचा नवा पंखा.
'हातात काय राहिलं?' मी विचारलं.
तिनं हातच पुढे केले:
दोराचे काप, मिठानं उललेली बोटं,
एका नखाखाली अजून एक खवला.

आता सप्टेंबर. जाळं खोपटाच्या भिंतीवर पसरलंय.
सीलनं फाडलेली भोकं, माणूस आरपार जाईल एवढी.
इव्होनमामा म्हणतो, पुढच्या साली भाव दीडपट.
दर सप्टेंबरला म्हणतो,
ईस्टरला 'उठला आहे' म्हणावं तितक्या ठामपणे.

आईची सुई चालू.
'वर किती गेले?'
मी आकडा सांगितला.
'ते नाही. पाच वर्षांमागचा.'

त्या वर्षीची वही मलानियाच्या अक्षरातली,
मी तेव्हा शाळेत.
अकरा दिवस वाऱ्यानं होड्या किनाऱ्यावर बसवल्या होत्या.
आई दाराशी उभी राहून पाण्याला शिव्या घालायची,
मग आत जाऊन रडायची, आम्हाला दिसू न देता.
ते अकरा दिवस मासे
रिकाम्या खाडीतून सरळ वर गेले,
कुणी न अडवता.
मलानियानं पानाच्या कडेला लिहिलंय:
'मोजून संपत नाहीत.'

त्यांची पोरं आता कुठंतरी
थंड समुद्रात चरताहेत, लठ्ठ होताहेत,
अजून कुठल्याच भावाची नाहीत.
येतील. कदाचित.
समुद्र यंदा जरा जास्तच कोमट होता, असं रेडिओ म्हणतो.

आईनं आकडा ऐकला. काही बोलली नाही.
सुईत दोर भरला,
सगळ्यात मोठं भोक मांडीवर ओढून घेतलं.
'ते टोक धर,' म्हणाली,
'घट्ट नको.'