सुधारित आवृत्ती

विश्रामबागच्या कॉलेजात भूगोलाची खोली जिन्याखाली होती.
खिळ्याला जगाचा नकाशा, कापडावर डकवलेला,
अंटार्क्टिका वाळवीने खाल्लेला.
एकोणनव्वदच्या जुलैत मी रुजू झाले, तासिका तत्त्वावर.
प्राचार्य म्हणाले, एका वर्षाचाच प्रश्न आहे.

नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली.
शिपाई बाबालाल मुजावर पेपर घेऊन आले,
"मॅडम, दोन जर्मन्यांचं आता काय करायचं?"
म्हटलं, थांबू या, कागदपत्रं व्हायची असतील.
कागदपत्रं वर्षाच्या आत झाली.
माझी फाईल तेव्हा कोल्हापुरात होती.

त्याच पावसाळ्यात फिरोज शिकलगार
मधल्या सुट्टीत रोज नकाशापाशी यायचा.
भाऊ कुवेतला, फोन बंद.
हात लावून मोजायचा:
कुवेत ते मिरज, चार बोटं.
पुन्हा मोजायचा. चारच बोटं.
भाऊ आला ऑक्टोबरात, दुसऱ्याचा स्वेटर घालून.
फिरोजने मोजणं सोडलं,
पण त्या जागी कापडावर तेलकट डाग राहिला,
आखातापासून थेट आपल्यापर्यंत.

मग एकदम पंधरा देश आले.
नव्या नकाशाला पैसे नव्हते,
ग्रँट सायकल स्टँडच्या पत्र्यात गेली.
मी वहीच्या पानांच्या पट्ट्या कापल्या.
मुजावरांनी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली,
कीड लागू नये म्हणून मूठभर हळद टाकली.
मार्केट यार्डामागं राहणारा माणूस,
हळदीला हात आखडायचा नाही.
उझबेकिस्तान, मोल्दोव्हा, किरगिझस्तान,
निळ्या शाईत, माझ्या अक्षरात,
ओले, कडेनं पिवळे.
"हळद लागली बघा सगळ्यांना," मुजावर म्हणाले,
आणि माझ्याकडे बघून गप्प झाले.
मी तेव्हा सत्तावीसची.

दर मे महिन्यात मला एक दिवस तोडायचे.
त्या एका दिवशी मी कुणाचीच नसे.
आयर्विन पुलावर जाऊन उभी राहायची,
खाली कृष्णा, उन्हाळ्याची, गुडघाभर.
दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, जुनाच मजकूर.

त्र्याण्णवला विसर्जन उरकून झोपलेली हॉस्टेलची मुलं
पहाटे मैदानात चादरी ओढून बसली होती.
सकाळी विचारायला आली, किल्लारी कुठं?
जगाच्या नकाशात महाराष्ट्रच नखाएवढा.
मी पेन्सिलीनं एक ठिपका दिला.
अण्णासो मगदूम घोंगड्यांच्या ट्रकबरोबर गेला,
सतरा दिवसांनी आला.
मार्चच्या पेपरात भूकंपलहरींवर बारा गुणांचा प्रश्न होता.
त्याने तेवढीच जागा कोरी सोडली होती.
मी गुण देऊ शकले नाही.
ती उत्तरपत्रिका अजून आठवते, त्यातली ती कोरी जागा.

युगोस्लाव्हियाच्या पट्ट्या तीनदा बदलल्या.
चौथ्यांदा मुजावर म्हणाले, राहू द्या, शाळेतल्या पोरांगत भांडत्यात.
पोखरण झालं तेव्हा मी पेपर तपासत होते.
विभागात संगणक आला, त्याला झालर शिवली,
चपला बाहेर काढून आम्ही त्याला बघायला जायचो.
बाहुबली उपाध्येचं कार्ड आलं, डॉक्टरकीला गेलेला:
"इथं उणे तीस. मॅडम, तुम्ही चिकटवलेल्या देशात राहतो."
पोस्टाच्या शिक्क्यावर त्या देशाचं नाव
माझ्यापेक्षा वेगळं लिहिलेलं.
मी सुधारलं नाही.

नव्याण्णवच्या जूनमध्ये नवा नकाशा आला,
प्लॅस्टिकचा, डोळे दिपवणारा. कुठं हात लागलेला नाही.
मुजावरांचा निरोप समारंभही त्याच आठवड्यात,
नारळ, शाल, आणि भडंगाची पुडी.
जुना नकाशा त्यांनी मागून घेतला.
गुंडाळता गुंडाळेना.
दहा वर्षांची खळ, युरोपापाशी फुगायचा.
"सुतळीवर बोट ठेवा जरा," ते म्हणाले.

टेबलावर माझं पाकीट होतं, कॉलेजच्या शिक्क्याचं,
अजून न फोडलेलं.
मी बोट ठेवून उभी राहिले,
त्यांनी गाठ मारेपर्यंत.