पेव

अण्णांच्या उजव्या बरगडीवर
पाण्याचे फोड उठले, एका ओळीत.
ओळ पाठीकडून पोटाकडे निघालेली.
चंद्राक्का गेरू उगाळून आली:
नागिणीचं तोंड शेपटीला मिळायच्या आत
पुढं रेघ ओढायची.
अण्णा म्हणाले, ओढ. सदरा तेवढा वाचव.

मिरजेला केसपेपर काढला.
आदगोंडा पायगोंडा चौगुले, वय बहात्तर.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी कांजिण्या?
साल आठवेना. कडुलिंबाचा पाला आठवला,
आणि खाजवू नये म्हणून
आईनं बोटांना बांधलेली फडकी.
त्याच ह्या, बाई म्हणाल्या. गेल्या नव्हत्याच.
मणक्याशेजारी, मज्जातंतूच्या गाठीत
पासष्ट वर्षं निजून.

म्हणजे पेव फुटलं, अण्णा म्हणाले
आणि हसले, बरगडी धरून.

चाळीस वर्षं हरिपुरात हळदीची पेवं भरली त्यांनी.
वर नुसती माती, खुंटीला शेळी.
खाली अंधारात हळद, वर्षानुवर्षं, कीड न लागता.
तोंड उकरलं तरी लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
तो विझला तर माणूसही विझतो.

मग माझ्या पेवावर राखणीला कोण होतं?

बाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागं काढून दाखवलं:
या पांढऱ्या पेशी. एकदा तोंड पाहिलेल्या.
गाठीला वेढा देऊन बसतात.
मारत नाहीत, मारायला गेलं तर तंतूच मरेल.
उठू देत नाहीत, एवढंच.
विषाणू कूस बदलतो, या खाकरतात.
वय झालं की यांनाही डुलकी लागते.

परतीच्या रिक्षात अण्णा पिराजीबद्दल बोलत राहिले.
राखणदार. रात्रभर खोकायचा,
आजार नव्हता, चोराला कळावं म्हणून.
त्यानं कधी चोर धरलेला कुणी पाहिला नाही.
त्यामुळं पगारही कुणी वाढवला नाही.
अण्णांनीसुद्धा.
हे सांगून झाल्यावर ते कृष्णेचा पूल येईस्तोवर गप्प.

फोड वाळले. खपल्या पडल्या.
गेरू तीनदा अंघोळ करूनही फिकट दिसतोच.
आग मात्र आत राहिली,
पांघरुणाचं टोक लागलं तरी चटका.
झोप नाही त्यांना.

मला तिसरीत आल्या होत्या कांजिण्या.
परीक्षा बुडाली म्हणून मी खूश होते.

रात्री दोनच्या सुमारास
मी कूस बदलते.
भिंतीपलीकडं अण्णा खाकरतात.