दसऱ्यानंतरची पहिली पाळी

हिंगण्याच्या शेडमध्ये सकाळी सात वाजता
पत्रा आधीच तापायला लागलेला.
पावसाळाभर भिंतीत मुरलेलं पाणी
आता कुठे स्विचबोर्डामागून निघतंय.
बारापात्रे आधी टेस्टर लावतात,
मग हात.

खंडेनवमीचा झेंडू अजून लेथच्या मानेत.
दोन दिवसांत काळवंडला,
सुतळी मात्र तशीच, पिळदार.
नवा पोरगा रोहिदास बटणाकडे जातो
तेवढ्यात ते म्हणतात, "अबे थांब ना.
आधी हार काढ.
मशीनला फूल कळत नाही,
मनगट कळत नाही.
जे गुंडाळलं जाईल ते तिचं."

पोरगा हार काढतो. कुठे ठेवू, विचारतो.
बारापात्र्यांचा उजवा हात
उरलेल्या तीन बोटांत कात्री धरतो,
पोराच्या मनगटावरचा लाल दोरा
चटकन कापतो.
"हाही."

प्रेसवरच्या सुकेशनीताई
दीक्षाभूमीवरून रात्री उशिरा परतल्या,
डोळ्यांत झोप.
आज प्रेस नको, लेबलं लावा, ते सांगतात.
त्या रागावतात, मग बसतात.

रिकाम्या खोक्यांमागे काठी आपटून झाली,
या उन्हात साप तिथेच येतात गारव्याला.
फर्स्ट एडच्या पेटीत
कुणीतरी आपट्याचं पान ठेवलंय.
ते उचलतात, बघतात,
आयोडिनच्या बाटलीवरची तारीख वाचतात,
पान परत ठेवतात.

मग बटण.
चक फिरतो.
फटीत राहिलेली एक पाकळी
सुटून
पोराच्या चष्म्यावर येऊन बसते.