शेरा

ऐरोलीच्या खाडीवर सव्वाआठपासून मी,
मांडीवर तक्ता, रकाने सहा:
वेळ, पक्षी, किडे, कुत्री, आवाज, शेरा.
तिवराच्या फांदीला बांधलेला डबा
आपला आपण ऐकतो आहे.
डॉ. करमळकर म्हणाल्या होत्या, अंदाज नको.
दिसेल तेच लिहा.

८.५०. शेकाटे सात. चरताहेत.
९.००. शेकाटे सात. चरताहेत.
९.१०. तेच.
घरून फोन: पाणी पिऊ नकोस, वर बघू नकोस.
वर बघायला सवड कुठे, आई,
मी चिखलाकडे बघते आहे.

९.२०.
ऊन आहे, पण विटलेलं,
धुऊन धुऊन पातळ झालेल्या ओढणीसारखं.
तिवराखाली कवडसे सगळे कोरीचे,
एक माझ्याच मनगटावर.
रातकिडा वाजला. की माझा कान?
लिहिलं 'बहुधा'. मग खोडलं.

जाळं खांद्यावर घेऊन पोशा भोईर थांबले.
"पाखरा काय बगतेस गो? निवट्या बग.
बिलान गेल्या सगल्या."
खरंच की.
मघाशी उड्या मारणारा चिखल
आता नुसता चिखल होता.

निवटीला रकाना नाही.
कुत्र्याला आहे; ते आधीपासूनच झोपलेलं.

९.४०. एका बिळातून दोन डोळे,
मग अख्खी निवटी,
मग शेजारची.
शेऱ्याला जागा दोन बोटं.
बारीक अक्षरात कोंबलं:
निवट्या बिळात, ९.२० च्या सुमारास. ९.४० ला बाहेर.
आधी पाहिलं ते पोशा भोईर यांनी, दिवा कोळीवाडा.
मी नाही.

आणि पक्ष्यांच्या रकान्यात, पुन्हा:
शेकाटे सात. चरताहेत.