जानवसा

सुरत, राजकोट, भावनगर, बडोदे:
तक्त्यात आम्ही एकाखाली एक.
रकान्याचं नाव 'पर्यायी'.
बडोद्यापुढे आकडा सहा.
म्हणजे मुंबईचं काही बिनसलं
तर सहा विमानं आम्ही ठेवून घ्यायची.

हा सहा कुठून आला, मला माहीत आहे.
मार्चच्या बैठकीत एका साहेबांनी
नकाशावर पट्टी ठेवून तो मोजला.
मी म्हटलं, साहेब, उभं करायला जागा सहा,
पण शिड्या दोन.
इंधनाचे टँकर दोन, त्यातल्या एकाचा चालक हालोलला राहतो,
आणि साडेदहाला कँटीनचं शटर पडतं.
ते म्हणाले, शिड्यांना वेगळा रकाना नाही.

माझे वडील दांडिया बाजारातल्या कार्यालयात
जानवशाचं बघत.
मुलाकडचे कळवायचे: वऱ्हाड साठ.
बापू पत्र घडी करून खिशात ठेवायचे
आणि नव्वद उशा मागवायचे.
माणसं किती ते विचारू नये, म्हणायचे,
सकाळी एकदम दात घासणार किती, ते विचारावं.
नळ चार होते.

परवा रात्री मुंबईच्या धावपट्टीवर
एका विमानाचं चाक फुटलं, ते तिथेच बसलं.
अकरा वाजून सात मिनिटांनी पहिला फोन.
कोचीचं उतरलं, मग कोलकात्याचं,
मग दिल्लीची दोन, पाठोपाठ,
एकाच घरातून रुसून निघाल्यासारखी.
पाचवं मस्कतचं.
त्यातल्या माणसांना खाली घेता येईना,
पासपोर्टवर शिक्का मारणारं रात्री इथे कोणी नसतं.
ती खिडक्यांतून हरणीचे दिवे बघत बसली.
पिनाकिन पाण्याचे खोके घेऊन चढला.
पाण्याला शिक्का लागत नाही.

शिडी कोचीकडून कोलकात्याकडे,
कोलकात्याकडून दिल्लीकडे.
दारात उभ्या एका मुलाने खाली ओरडून विचारलं,
हे कुठलं गाव?
कोणीतरी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नसावं.

सहाव्या जागेवर
अकरा दिवसांपासून एक नादुरुस्त विमान आहे,
इंजिनांच्या तोंडांवर लाल झाकणं,
कुठल्याशा सुट्या भागाची वाट बघत.
तक्त्याला ते दिसत नाही.

आणि टॉवर विचारतो: नागपूरचं एक आहे, घेता?
अहमदाबाद भरलंय, सुरत भरलंय.
मी म्हटलं, नाही.
इंदूरला विचारा.

बापूंनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.
उशा संपल्या तेव्हा रात्री दोनला
समोरच्या बिडकरांची कडी वाजवली त्यांनी,
आणि बिडकर लुंगी सावरत, शिव्या देत,
स्वतःच्या मुलांना उठवून गाद्या रिकाम्या करायला लागले.

एकोणतीस मिनिटं मी तो ठिपका बघत होते.
दाहोद. झाबुआ. पुढे नुसता काळा पडदा.
तिकडे इंदूरला असेल कोणीतरी,
तिच्याही कागदावर एक आकडा असेल,
तिलाही कुणी विचारलं नसेल शिड्यांचं.
तिने शिव्या दिल्या असतील का?
घेतलं. एक वाजून चौदा मिनिटांनी
ठिपका थांबला, मग पुसला गेला.
चहा तेवढ्यात गार झाला होता, मी तसाच प्यायले.

पहाटे चारला मुंबई उघडली.
एक एक करून गेली सगळी,
मस्कतचं सर्वांत आधी.
जाताना कोणी आभार मानत नाही, मानू नयेत,
वऱ्हाडाला जानवसा लक्षात राहिला
तर काहीतरी चुकलेलं असतं.

आज नवा तक्ता भरायला आला आहे.
सहा खोडून मी चार लिहिलं.
शेरा या रकान्यात, छोट्या अक्षरांत:
नळ दोन.

दिल्लीहून फोन येईल बहुतेक,
नळांचा इथे काय संबंध म्हणून.